बर्गरच्या दुकानात आजी-आजोबा

अमेरिकेत मुलांकडे काही महिने राहून परतलेल्या ज्येष्ठांना ‘काय काय पाहिलेत?’ असे विचारले, तर नायगारा, ग्रँड कॅन्यन, स्वातंत्र्यदेवीचा पुतळा अशी नावे ओठांवर येतात. मात्र त्या प्रवासात ज्या जागी पुन्हा पुन्हा थांबणे झालेले असते, तिचे नाव सहसा कोणी घेत नाही. ती जागा म्हणजे महामार्गालगतचे बर्गरचे दुकान. दर दोन-तीन तासांनी गाडी तेथे वळते. स्वच्छतागृह तेथेच, पाय मोकळे करणे तेथेच आणि नातवंडांचा हट्ट पुरवणेही तेथेच. आपण अशा प्रवासाला निघणार असाल, किंवा आईवडिलांना तिकडे बोलावून घेणार असाल, तर या दुकानांशी थोडी ओळख करून घेणे हिताचे ठरेल. तेथे काय खावे, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. तेथे कसे बसावे, हा प्रश्नही माझ्या मते तेवढाच महत्त्वाचा आहे.

उभ्याउभ्या खाण्याची सुरुवात

या दुकानांचे मूळ पाहायचे असेल तर दक्षिण कॅलिफोर्नियातील एक वाट उत्तम आहे. लॉस एंजेलिसच्या पूर्वेस सुमारे शंभर किलोमीटरवर सॅन बर्नार्डिनो हे शहर आहे. तेथून पश्चिमेकडे येताना आधी बाल्डविन पार्क आणि मग डाउनी लागते. सत्तरी ओलांडलेल्या, रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या आणि पूर्ण शाकाहारी असलेल्या माझ्या सासूबाईंसह आम्ही ही वाट एका दिवसात, रमतगमत केली.

सॅन बर्नार्डिनोमध्ये रिचर्ड आणि मॉरिस या मॅकडोनाल्ड बंधूंनी १९४० साली खाणावळ उघडली. गिऱ्हाईक मोटारीत बसून राही आणि मुली थाळ्या घेऊन गाडीपर्यंत येत. १९४८ मध्ये बंधूंनी दुकान काही काळ बंद ठेवून सारी रीतच पालटली. वाढपी गेले, काचेची-चिनी मातीची भांडी गेली, पदार्थांची यादी आखूड झाली. गिऱ्हाइकाने खिडकीपाशी यावे, १५ सेंटचा बर्गर कागदात गुंडाळून घ्यावा आणि चालू लागावे, अशी ती व्यवस्था होती. पुढे नव्या स्वयंपाकघराची मांडणी ठरवताना त्यांनी टेनिसच्या मैदानावर खडूने आकृती काढली, कामगारांना त्यावर फिरवले आणि कोणाचेही पाऊल वाया जाणार नाही अशा जागा नेमल्या. जुनी इमारत आता उरलेली नाही. त्या जागेवर एका स्थानिक व्यावसायिकाने उभारलेले खासगी संग्रहालय आहे. जुनी खेळणी, पेले, फलक यांनी ते खच्चून भरले आहे.

तेथे हिंडताना एक गोष्ट ध्यानात येते. या दुकानाच्या मूळ कल्पनेत बसायला जागाच नव्हती. खाणाऱ्याने थांबू नये, यावरच त्याचा नफा उभा होता. घाईघाईने खाणे हा तेथील मूळ धर्म आहे आणि वय झालेल्या देहाला नेमके तेच मानवत नाही. कवळी असेल, तोंडाला कोरड पडत असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल, तर दोन्ही हातांनी धरून मोठा घास तोडण्याचा हा पदार्थ जपूनच खावा. सुरी मागून त्याचे चार तुकडे करावेत, ताठ बसावे आणि मध्ये पाण्याचे घोट घ्यावेत. गाडी चालू असताना मागच्या आसनावर तो मुळीच खाऊ नये.

शाकाहारी पाहुण्यांसाठी

बाल्डविन पार्क हे इन-एन-आउट या साखळीचे जन्मगाव. तिचा आरंभही १९४८ चाच. हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने काढलेले पहिले दुकान जेमतेम शंभर चौरस फुटांचे होते. त्याची हुबेहूब प्रतिकृती तेथे पाहायला मिळते. या साखळीच्या दुकानांत बटाटे समोरच चिरले जातात आणि सूर्यफुलाच्या तेलात तळले जातात. बटाटा, तेल आणि मीठ यांखेरीज त्यांत काही नसते. माझ्या जिभेला हे फ्राइज जरा मऊ वाटतात, पण सासूबाईंना ते घरच्या काचऱ्यांसारखे वाटले. मांस वगळून पावात चीज, टोमॅटो व कोशिंबिरीची पाने घालून मिळणारे सँडविचही तेथे आहे. मात्र पाव आणि चीज ज्या तव्यावर भाजतात, त्याच तव्यावर गोमांसही भाजले जाते. हे सांगताच सासूबाईंनी पिशवीतली दशमी काढली आणि बाहेरच्या मेजावर बसून फ्राइजबरोबर आनंदाने खाल्ली. कोणी हरकत घेतली नाही.

आपल्याकडे मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये आले. येथे गोमांस नाही, डुकराचे मांस नाही आणि शाकाहारी पदार्थांची स्वयंपाकाची जागा वेगळी. त्यामुळे तिकडेही तसेच असेल, असा आपला समज होतो. तो खरा नाही. अमेरिकेत मॅकडोनाल्ड्सचे फ्राइज १९९० पर्यंत प्रामुख्याने गोवंशाच्या चरबीत तळले जात. ओमाहाचे उद्योजक फिल सोकोलॉफ यांना वयाच्या ४३ व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. त्यांनी स्वतःच्या पैशाने वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन या चरबीविरुद्ध मोहीम चालवली आणि १९९० साली कंपनीने वनस्पती तेल स्वीकारले. तरीही चवीसाठी गोमांसाचा अंश वापरला जात राहिला. त्यावरून हिंदू आणि शाकाहारी ग्राहकांनी खटले भरले आणि २००२ मध्ये कंपनीने एक कोटी डॉलर देण्याचे मान्य करून तडजोड केली. म्हणून ‘नुसता बटाटाच तर आहे’ असे गृहीत धरू नये. वनस्पतिजन्य टिक्कीचा बर्गर मागवतानाही तो वेगळा भाजून मिळेल का, हे आधी विचारून घ्यावे. आपल्या आईवडिलांनी आयुष्यभर पाळलेला नेम नकळत मोडू नये, हीदेखील शुश्रूषाच आहे.

मिठाचा हिशेब

मांसाहारी ज्येष्ठांनीही एक हिशेब ध्यानी ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीच्या आहारात दिवसाला २००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम, म्हणजे ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावे. अमेरिकेतील एका बिग मॅकमध्ये सुमारे १००० मिलिग्रॅम सोडियम असते. दिवसभराच्या मर्यादेपैकी निम्मे मीठ एका बर्गरमध्येच संपले. वर फ्राइज आणि सॉस आले, तर रात्रीच्या जेवणाला काही उरत नाही. रक्तदाब, हृदयाची किंवा मूत्रपिंडाची दुर्बलता असणाऱ्यांना याचा त्रास दुसऱ्या दिवशी पायांच्या सुजेतून जाणवू शकतो. आधीच लांबच्या प्रवासात पाय लोंबकळत राहिल्याने सूज येत असते, तीत ही भर पडते.

यावर उपाय अवघड नाहीत. २० किंवा अधिक शाखा असलेल्या साखळ्यांना २०१८ पासून फलकावर कॅलरीचे आकडे लिहावे लागतात आणि सोडियमसह इतर तपशील मागितल्यास लेखी दाखवावे लागतात. ते मागावेत. लहान आकाराचा बर्गर घ्यावा, चीज व सॉस कमी करायला सांगावे आणि फ्राइज बिनमिठाचे मागावेत. पावाऐवजी कोशिंबिरीच्या पानात गुंडाळलेला बर्गरही इन-एन-आउटमध्ये मिळतो, मधुमेहींना तो सोयीचा. गोड पेयाचा पेला पुन्हा पुन्हा फुकट भरून मिळतो म्हणून भरू नये, साधे पाणी मागावे. इन्शुलिन घेणाऱ्यांनी खाणे हातात आल्याशिवाय इंजेक्शन घेऊ नये, कारण गर्दीत वेळ किती लागेल याचा नेम नसतो.

बसण्याची जागा

डाउनी येथे १९५३ साली उघडलेले मॅकडोनाल्ड्स आजही चालू आहे. चालू असलेल्यांत ते सर्वांत जुने. लेकवुड बुलेव्हार्डवरची ती उंच पिवळी कमान आणि फलकावरचा धावरा निऑन बल्लवाचार्य पाहून सासूबाईंना दिवाळीतल्या कंदिलांची आठवण झाली. १९९४ च्या भूकंपानंतर ही इमारत बंद पडली होती. लोकांनी ती पाडू दिली नाही आणि १९९६ मध्ये ती पुन्हा उघडली. खाणे अजूनही खिडकीतूनच मिळते. पण बाहेर बसायला जागा आहे आणि ती रिकामी नसते.

खाणाऱ्याने थांबू नये म्हणून निघालेल्या या दुकानांत काळाच्या ओघात खुर्च्या आल्या आणि त्या खुर्च्यांवर म्हातारी माणसे येऊन बसली. पुढे ॲरिझोनाच्या वाटेवरील एका लहान गावात सकाळी आठच्या सुमारास आम्ही अशाच एका दुकानात शिरलो. कोपऱ्यात पाच वृद्ध एकेक कॉफी घेऊन गप्पा मारत होते. एकाने उठून सासूबाईंना खुर्ची ओढून दिली. भाषेची अडचण होती, तरी नातवंडांचे फोटो दाखवून झाले. गाडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, हा तर आपला पारावरचा कट्टा.”

या कट्ट्यावरून तंटेही होतात. न्यूयॉर्कमधील फ्लशिंग भागात २०१४ साली कोरियन ज्येष्ठ एका मॅकडोनाल्ड्समध्ये तासन्‌तास बसतात म्हणून पोलिसांना बोलावण्यात आले होते. अखेरीस लोकप्रतिनिधीच्या मध्यस्थीने दोन्ही बाजूंत समझोता झाला. ज्येष्ठ तेथे जात होते ते बर्गरसाठी नव्हे. पायी पोचता येईल अशा अंतरावर उजेड, ऊब आणि ओळखीचे चेहरे मिळत होते, म्हणून.

परदेशी मुलांकडे राहणाऱ्या आईवडिलांची हीच भूक असते. मुले कामावर, नातवंडे शाळेत, बाहेर रस्त्यावर माणूस दिसत नाही. म्हणून काळजीवाहकांना माझे एक सांगणे आहे. दुकानापाशी गाडी थांबली की ‘तुम्ही बसा, आम्ही घेऊन येतो’ असे म्हणू नका. त्यांना आत न्या. उताराचा मार्ग आणि आधाराच्या दांड्या असलेले स्वच्छतागृह बहुतेक ठिकाणी असते. मागणी नोंदवायचा पडदा त्यांना गोंधळात टाकत असेल, तर गल्ल्यावरच्या माणसाशी त्यांना स्वतः बोलू द्या. एक छोटी कॉफी आणि अर्धा तास, एवढे पुरते. औषधाच्या वेळा आपण पाळतोच, दुपारचा हा अर्धा तासही तसाच पाळावा.