घोटवडे ते संगम : होडीने आणि पायी

रिहे खोऱ्यातल्या डोंगरांवरचा पाऊस ओढ्याने उतरून घोटवड्याकडे मुळेला मिळतो. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला; धरण झालेच, आणि त्याचे पाणी आजही भिऱ्याच्या वीजघरासाठी कोकणात उतरते. म्हणून खालच्या पात्राला आपल्या ओढ्यांचा मोठा आधार.

भाद्रपदाच्या अखेरीस, भात निसवत असताना, दोन सराईत तरुणांबरोबर घोटवड्यापासून पुण्याच्या संगमापर्यंत होडीने जाण्याचा योग आला. दोन दिवस लागले. होडी फायबरची, दोघांनी खांद्यावर घ्यावी अशी. ती हलकी का, हे पहिल्या बंधाऱ्याशीच समजले.

कोल्हापुरी बंधाऱ्याचे ढापे पावसाळ्यात काढलेले असतात. गाळ्यातून होडी सहज निघेल, असे कोणालाही वाटेल. पण गाळ्यात फांद्या, तारा अडकलेल्या असतात. पाणी त्यातून निघून जाते, माणूस अडकतो. भिंतीवरून पाणी पडत असेल तर धोका निराळा. पडलेली धार तळाशी जाते आणि वर येऊन पुन्हा भिंतीकडेच उलटते. तिथे सापडलेला ओंडका एकाच जागी गरगरत राहतो. पट्टीच्या पोहणाऱ्याचीही तीच गत. वरच्या अंगाने पाहणाऱ्याला मात्र पाणी परातीसारखे सपाट दिसते! त्यामुळे हे तरुण धारेचा आवाज येताच काठाला लागत. होडी खांद्यावर घेऊन बांधावरून चालत, आणि फेस पूर्ण संपला की मगच ती पाण्यात सोडत. आपली पोरे नेमकी त्या फेसातच उड्या घेतात. मायबापांनी हे एकदा काठावर नेऊन दाखवावे.

म्हाळुंगे, बालेवाडी, वाकड मागे पडले तसा पाण्याला वास येऊ लागला. इथे बंधाऱ्यापेक्षा काठाचा त्रास जास्त. राडारोड्याच्या ढिगांवर पाय ठरत नाही, चिखलात गुडघाभर रुततो. दापोडीला पवना मिळते. जलपर्णी पुराने बरीच वाहून गेली होती, तरी एका वळणावर तिचा असा थर होता की वल्हे हलेना. तो टाळायला पुन्हा होडी खांद्यावर. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ही वनस्पती माजते. आपण तीच खते गोणीला पैसे मोजून आणतो.

खडकीचा होळकर पूल ओलांडून संगमाशी आलो. इथे अभियांत्रिकी महाविद्यालयाचा १९२८ पासूनचा बोट क्लब आहे. बंडगार्डनच्या बांधाने फुगवटा राहतो, म्हणून तिथे वल्हवता येते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून झालेला तो बांध पुण्याला पाणी मिळावे यासाठी होता. आज त्या पाण्यात हात घालवत नाही. आम्ही होडी नळाखाली धुतली.

बांधाखाली हेच पाणी पुढे मांजरी, थेऊरकडे, उसाच्या मुलखात जाते.