दोन आवृत्त्या, एक डेटाबेस

पायथनमधलं वेब ॲप्लिकेशन प्रॉडक्शन सर्व्हरवर चढवायला शिकवणारं बहुतेक लेखन पुढे एन्जिनेक्स, मागे गनिकॉर्न आणि दोघांना चालू ठेवायला सिस्टमडी एवढं बसवून थांबतं. त्या मांडणीशी माझं भांडण नाही. गनिकॉर्नचा साधा वर्कर एका वेळी एकच विनंती हाताळतो, त्यामुळे संथ नेटवरच्या एखाद्या ग्राहकाने त्याला अडकवून ठेवू नये म्हणून पुढे एन्जिनेक्स हवंच. पण हे एकदाच करायचं काम आहे. डिप्लॉय मात्र आठवड्याला होतात, आणि साइट बंद पडते ती बहुधा त्या वेळी. या कामात राहून माझं मत असं झालं आहे, की डेटाबेसमधला बदल आणि कोडमधला बदल एकाच डिप्लॉयमध्ये पाठवू नयेत.

कारण सरळ आहे. गनिकॉर्नला एचयूपी सिग्नल दिला की नवे वर्कर उभे राहतात आणि जुने हातातली विनंती संपवून जातात; त्यासाठी त्यांना मुळात 30 सेकंद मिळतात. डेटाबेसमधला बदल करणारं मायग्रेशन त्याच्या आधी चालवलेलं असतं. म्हणजे काही काळ जुना कोड नव्या टेबलांवर चालतो, आणि सर्व्हर चार असतील तर हा काळ आणखी लांबतो. जॅंगो या पायथन फ्रेमवर्कचा ओआरएम, म्हणजे क्वेरी तयार करणारा भाग, सहसा क्वेरीत प्रत्येक कॉलमचं नाव लिहितो. तुम्ही एक निरुपयोगी कॉलम काढलात, की त्या टेबलावरची जुन्या कोडची जवळपास प्रत्येक क्वेरी कोसळते. कॉलम वाढवणं तरी निर्धोक असेल असं वाटतं, पण तेही नाही. मॉडेलमध्ये दिलेली डिफॉल्ट किंमत जॅंगो जुन्या ओळी भरण्यापुरती वापरतं आणि डेटाबेसमधून लगेच काढून टाकतं. कॉलम रिकामा चालणार नसेल, तर त्याची कल्पना नसलेला जुना कोड नवी ओळ घालू शकत नाही. डेटाबेसमध्येच डिफॉल्ट टिकवायची सोय जॅंगोत आली ती थेट 5.0 मध्ये, 2023 च्या डिसेंबरात.

त्यात लॉकची भर. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये कॉलम जोडायला पूर्ण टेबलाचं कुलूप लागतं. 2018 च्या अकराव्या आवृत्तीपासून स्थिर डिफॉल्टसाठी टेबल पुन्हा लिहावं लागत नाही, म्हणून काम क्षणात होतं. पण कुलूप मिळाल्यावर. आधीच एखादा लांबलचक अहवाल त्या टेबलावर चालू असेल, तर मायग्रेशन त्याच्यामागे उभं राहतं आणि साध्या वाचनाच्या क्वेरीसुद्धा मायग्रेशनच्या मागे. दोन कोअरच्या यंत्रावर गनिकॉर्नच्या शिफारशीप्रमाणे वर्कर पाच. पाच विनंत्या अडकल्या की साइट गेली, आणि सर्व्हरचा सीपीयू मात्र निवांत. मायग्रेशनआधी लॉक टाइमआउट काही सेकंदांवर ठेवला तर ते हार मानून बाजूला होतं. ही एक ओळ फार कमी ठिकाणी दिसते, याचं मला नवल वाटतं.

यावर कोणी म्हणेल, की डॉकर आहे, बिघडलं तर जुनी इमेज परत लावू. कोडपुरतं ते खरं. डेटाबेस मात्र इमेजमध्ये नसतो. काढलेल्या कॉलमचं मायग्रेशन उलटं फिरवलं, तर कॉलम परत येतो, त्यातली माहिती नाही. पोस्टग्रेस अर्धवट मायग्रेशन मागे घेतं हा दुसरा युक्तिवाद. पण इथे अडचण मायग्रेशन नीट पार पडल्यानंतरची आहे.

तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो: एका बदलाचे तीन डिप्लॉय होतात. आधी रिकामा चालेल असा कॉलम, मग तो भरणारा आणि वापरणारा कोड, शेवटी तो रिकामा नसण्याची सक्ती. जुनं काढताना हाच क्रम उलटा. छोट्या कचेरीच्या अंतर्गत साइटला हा खटाटोप परवडत नाही, आणि तिथे रात्री दहा मिनिटं फलक लावून सगळं एकदम करणं मी शहाणपणाचंच मानतो. इतरत्र खरी किंमत वेळेची नसून विसराळूपणाची आहे: तिसरा टप्पा राहून जातो आणि टेबलात कोणी वापरत नसलेले कॉलम साठत जातात. म्हणून तिसऱ्या टप्प्याचं तिकीट पहिल्याच दिवशी, तारीख आणि नाव टाकून उघडावं. ते चुकलंच, तरी बिनकामाचा कॉलम टेबलात पडून राहिल्याने साइट बंद पडत नाही.