ब्राइसच्या थंडींत

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं यूटा येथें आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात. गेल्या आश्विनांत आम्हां उभयतांस ब्राइस कॅनियन दाखविण्यासाठीं त्यांनीं एका मित्राचें फिरतें घर मागून आणलें. बिछाने, चूल, मोरी अशी सर्व सोय असलेली ही मोटार १९९४ सालची. तिच्या पोटांत वीज निर्माण करणारें एक लहानसें जनित्रहि होतें.

सॉल्ट लेक सिटीहून सुमारें सव्वाचारशें किलोमीटर प्रवास करून आम्ही तेथें पोहोंचलों. नांवांत ‘कॅनियन’ असलें तरी ही खरी दरी नव्हे. पठाराच्या काठावर निसर्गानें कोरलेलीं तीं अर्धगोल प्रांगणें होत. त्यांत तांबड्या-नारिंगी दगडाचे असंख्य सुळके उभे आहेत. हे शापानें शिळा झालेले लोक, असें तेथील पायूट जमातीचे लोक सांगत आले आहेत. तें ऐकून आम्हांस अहल्येची आठवण झाली. शास्त्र सांगतें कीं, दिवसां भेगांत शिरलेलें पाणी रात्रीं गोठून सुमारें नऊ टक्के फुगतें व दगड फोडतें. वर्षांतून दीडशेंहून अधिक वेळां हा क्रम चालतो. १९२८ सालीं येथें राष्ट्रीय उद्यान झालें.

दगड फोडणारी ती थंडी माणसासहि सोडीत नाहीं, हें दुसऱ्याच सायंकाळीं कळलें. जागा समुद्रसपाटीपासून सुमारें ८००० फूट उंच. सौभाग्यवतींस दम्याची व्यथा. गारठा वाढला कीं श्वास लागतो. गाडींत गॅसची शेगडी होती व गॅसहि मुबलक होता. परंतु ऊब खेळविणारा पंखा बॅटरीवर चालणारा, आणि बॅटरी उतरलेली! ती भरावयाची तर जनित्र हवें. आदल्या रात्रीं तें चालतां चालतां आपोआप बंद पडलें होतें. आतां कळ दाबली कीं घरघरे, पण पेट घेईना. जनित्र चालविण्याची परवानगी संपण्यास दोनच तास उरले होते.

चिरंजीव इंजिनियर. त्यांनीं तेल पाहिलें, भरपूर होतें. हवेची गाळणी स्वच्छ होती. उंचीवरील विरळ हवेचा दोष असावा, असा तर्क झाला. अखेर ठिणगीचा प्लग काढला, तो कोरडा ठणठणीत! म्हणजे पेट्रोल पोहोंचतच नव्हतें. परंतु त्याच टांकीवर मोठें इंजिन तर तत्काळ सुरू होत होतें. आम्ही सर्वच बुचकळ्यांत पडलों.

सौभाग्यवती शालींत गुरफटून म्हणाल्या, “अहो, त्या खणांत एक पुस्तक आहे, तें तरी पाहा.” आम्हीं चष्मा लावून त्या पुस्तकांतील दोषांचें कोष्टक वाचावयास घेतलें. लक्षण, कारण व उपाय असे तीन रकाने. वैद्यकांतील निदानस्थानच जणूं. पहिलेंच कारण असें: टांकींत पावभागाहून कमी पेट्रोल असल्यास जनित्र चालणार नाहीं. त्याची नळी मुद्दामच टांकीच्या तळापासून पाव उंचीवर थांबविलेली असते. दिव्यांच्या व पंख्यांच्या हौसेपायीं माणूस रानांत अडकूं नये, परत जाण्यापुरतें पेट्रोल राहावें, हा हेतु.

“बाबा, मी हें आधींच वाचावयास हवें होतें,” चिरंजीव ओशाळून म्हणाले. लागलीच उद्यानाबाहेरील पंपावर जाऊन टांकी भरली. दहा-बारा वेळां कळ दाबल्यावर नळींत पेट्रोल चढलें व जनित्र खडखडून जागें झालें. आवाज अडखळत होता. कार्ब्युरेटरवरील उंचीची खूण जुळवितांच तोहि सुधारला. बॅटरी भरली, पंखा फिरला व सौभाग्यवतींचा श्वास हलका झाला. निजण्यापूर्वीं आम्हीं यंत्र बंद केलें. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो व वासहि नसतो, आणि तो झोपेंतच प्राण घेतो.

अशा जुन्या वाहनानें जाणाऱ्यांस आमची विनंति: मुक्कामापूर्वीं टांकी अर्धी तरी भरलेली ठेवावी, आणि यंत्र उघडण्यापूर्वीं पुस्तक उघडावें. ज्या यंत्रास आम्ही दिवसभर दोष देत होतों, तें आमच्या परतीच्या वाटेची शिदोरी सांभाळून बसलें होतें. गृहिणी डब्याच्या तळाशीं मूठभर धान्य राखून ठेवते, त्यांतलाच हा प्रकार!