गळाला लागलेली रद्दी

छंदांचे दोन प्रकार आहेत. पाहुणे ज्याला 'वाहवा' म्हणतात तो एक, आणि घरची माणसे ज्याला 'पसारा' म्हणतात तो दुसरा. पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी पहिल्यात मोडतात. माझा छंद दुसऱ्यातला. मी मासेमारीवरची जुनी मासिके जमवतो. गळाने मासे धरण्याच्या शौकाला वाहिलेली, बहुतेक माझ्या जन्माआधीची इंग्रजी मासिके.

"म्हणजे तुम्ही मासे धरता?" हा पहिला प्रश्न. नाही. "मग आवडीने खात असाल!" तेही नाही. आमच्या घरात चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. यावर विचारणारा हवापाण्याकडे वळतो आणि आमची सौभाग्यवती त्याला मुकाट्याने चहा देते.

ह्या व्यसनाची सुरुवात उल्हासनगरला झाली. कुळगावकराला ते काही लांब नाही. लोकलने अंबरनाथ ओलांडले की झाले. महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. छावणी उठली, पण 'कॅम्प नंबर' मात्र पत्त्यातून आजतागायत उठलेले नाहीत. तिथल्या एका वृद्ध रद्दीवाल्याकडे मला लंडनच्या 'फिशिंग गॅझेट'चे काही अंक दिसले. हे पत्र १८७७ साली निघाले. मी ते तराजूत टाकले, तर म्हातारबुवा माशाच्या चित्राकडेच बघत राहिले.

"साहेब, आमच्या सिंधूत पल्ला असतो," ते म्हणाले. "समुद्रातून उलटा नदीत चढतो. आमचा झुलेलाल त्याच्यावरच बसतो."

बंगाली लोक ज्याला इलिश म्हणतात तोच हा मासा. सक्करचा बंधारा १९३२ साली झाला, तेव्हाच त्याची वरची वाट अवघड झाली होती. १९५५ साली खाली कोटरीला दुसरा बंधारा झाला आणि पल्ल्याची चढण तिथेच अडली. तोवर म्हातारबुवा सिंध सोडून आले होते. हे मी त्यांना कधी सांगितले नाही. त्यांनी मात्र त्या दिवशी माझ्याकडून रद्दीचाच भाव घेतला.

ह्या मासिकांत असते तरी काय? मला विचाराल तर आधी जाहिराती वाचाव्यात. बांबूच्या सहा उभ्या कांब्या तासून, चिकटवून केलेल्या गळाच्या काठ्यांचे वर्णन एखाद्या सतारीच्या वर्णनासारखे असते. ह्या काठ्यांना लागणारा बांबू एके काळी आपल्याकडून जाई आणि 'कलकत्ता केन' म्हणून ओळखला जाई. गळाचे आकडे इंग्लंडमधल्या रेडिच गावचे. ते मुळात सुयांचे गाव. सुई वाकवली की आकडा झाला! आमच्या गल्लीतून रोज सकाळी धडधडत जाणाऱ्या 'एन्फील्ड'चे मूळही त्याच गावच्या एका सुयांच्या कारखान्यात आहे, हे कळल्यापासून मी तिच्या आवाजावर रागावत नाही.

पण खरी गोडी आहे ती नोंदींत. कुठल्या नदीत, कोणत्या महिन्यात, किती वजनाचा मासा लागला, हे ही माणसे एखाद्या वाण्याच्या चोखपणाने लिहीत. आपल्याकडेही असे लिहिणारे होते. कर्नल साइक्स याने पुण्याच्या मुळा-मुठेतल्या महसीर माशाचे वर्णन १८३९ साली छापले. त्या माशाच्या शास्त्रीय नावात 'खुद्री' हा शब्द अजून आहे. मद्रास इलाख्यातला अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस याने १८७३ साली 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक लिहिले. मासे धरण्याचा हा षोकी माणूस माशांची पिले वाचवा म्हणूनही सरकारच्या मागे लागला होता. पुढे हाच महसीर इतका विरळ झाला, की लोणावळ्याला वळवणच्या तलावाकाठी टाटांनी १९७० च्या दशकापासून त्याची पिले वाढवायला घेतली. आमची उल्हास नदी उगम पावते तीही त्याच डोंगरांत.

ह्याच उल्हासने २६ जुलै २००५ रोजी आमच्या तळमजल्यावर पाऊल टाकले. कपाटाच्या खालच्या कप्प्यातले अंक गेले; गुळगुळीत कागद भिजून वाळला की त्याची वीट होते. वाचली ती पलंगाखालची ट्रंक. पाणी उंबऱ्याला लागताच सौभाग्यवतीने पहिल्या खेपेला धान्याचे डबे माळ्यावर चढवले आणि दुसऱ्या खेपेला माझी ट्रंक. तिची साड्यांची पेटी खालीच राहिली. मी काही बोलणार, तोच ती म्हणाली, "अहो, साड्या धुता येतात." तीस वर्षे ज्याला ती पसारा म्हणत आली होती, त्याविषयी ती एवढेच बोलली.

दिवाळीच्या साफसफाईत ती ट्रंक अजूनही दरवर्षी अंगणात उन्हाला येते. यंदा नातीने त्यातला एक अंक उघडला आणि विचारले, "आजोबा, आपल्या नदीत कुठले मासे होते?"

मी निरुत्तर झालो. टेम्समधल्या माशाचे वजन मी औंसापर्यंत सांगू शकतो. पण अंबरनाथचे १०६० सालचे शिवमंदिर जिच्या काठी उभे आहे आणि जी आता कारखान्यांच्या सांडपाण्याने काळवंडली आहे, त्या वालधुनीत कोणते मासे खेळत होते? ते लिहून ठेवणारे मासिक आपण कधी काढलेच नाही. नदी मरते ती एकदा. तिची नोंद नसली, की ती कधी जिवंत होती हेही पटेनासे होते.

बाजारात मासे विकणाऱ्या एका आजींकडे आम्ही दोघे गेलो. त्यांना माझ्याविषयी नवल वाटले, पण त्या भरभरून बोलल्या. पहिल्या पावसात ओढ्यांतून भातखाचरांत चढणारी वलगण, तिच्याबरोबर येणारे मासे, मग मरळ, वाम, शिंगटी. कोणता कुठे मिळे, आणि कोणता केव्हापासून दिसेनासा झाला. नात वहीत लिहीत होती. एका बैठकीत तिची चार पाने भरली.

ती वही आता ट्रंकेत आहे, इंग्रजी अंकांच्या अगदी वर. सौभाग्यवतीने तिला प्लॅस्टिकचे कव्हर घातले आहे.