'पाँच': कधीच न लागलेल्या सिनेमाची गोष्ट

'पाँच' ठाण्याच्या मल्हारला लागला नाही. डोंबिवलीच्या टिळकलाही लागला नाही. तो कुठेच लागला नाही. तरीही ठाण्यापासून अंबरनाथ-बदलापूरपर्यंतच्या एका पिढीला तो ठाऊक आहे. कॉलेजच्या वयात कुणाच्या तरी हार्ड डिस्कवरून आपल्या संगणकावर उतरवून घेतलेला, चित्र धुरकट, आवाज खाली-वर होणारा, आणि घरचे झोपल्यावर कानाला इअरफोन लावून पाहिलेला. अनुराग कश्यप यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. आजचा धागा त्याच्याविषयी, आणि ज्या पुण्यातून तो निघाला त्या पुण्याविषयी.

गोष्ट थोडक्यात अशी. मुंबईत एका खोलीत चार तरुण राहतात: ल्यूक, मुर्गी, पाँडी आणि जॉय. सोबत शिउली ही तरुणी. त्यांचा एक रॉक बँड आहे आणि त्याचे नाव 'पॅरासाइट्स', म्हणजे बांडगुळे. नाव स्वतःच स्वतःला ठेवलेले, शिवी दुसऱ्याने देण्याआधी आपणच कपाळावर लिहून घेतल्यासारखे. हाताशी पैसा नाही, गाणी ऐकायला कुणी नाही. मग एका श्रीमंत मित्राच्या संमतीनेच त्याच्या अपहरणाचा बनाव रचून त्याच्या बापाकडून खंडणी उकळायचे ठरते. ल्यूकच्या संतापाच्या एका झटक्यात बनावाचा खून होतो, आणि तेथून एकामागून एक प्रेते पडत जातात. के. के. मेनन यांनी रंगवलेला ल्यूक हा या टोळीचा नायकही आहे आणि हुकूमशहाही. तो खोलीत असेपर्यंत इतरांना श्वास घ्यायलाही त्याची परवानगी लागते की काय, असे वाटत राहते. संगीत विशाल भारद्वाज यांचे, गीते अब्बास टायरवाला यांची. हिंदी चित्रपटात गाणे प्रेमासाठी नसते, रागासाठीही असू शकते, हे ज्यांनी प्रथम येथे ऐकले ते ही गाणी विसरले नाहीत.

या कथेचे मूळ मुंबईत नाही, पुण्यात आहे. टिळक रोडवरील अभिनव कला महाविद्यालयात व्यावसायिक चित्रकला शिकणाऱ्या राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप आणि मुनव्वर शाह या चौघांनी जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा जणांचे जीव घेतले. पहिला बळी त्यांच्याच वर्गातला मुलगा. त्याला बोलावून नेले, मारले, प्रेत सारसबागेजवळच्या तळ्यात टाकले आणि वडिलांकडे खंडणी मागितली. ३१ ऑक्टोबर रोजी विजयनगर कॉलनीतील जोशी कुटुंबातील तिघे. १ डिसेंबर रोजी भांडारकर रस्त्यावरील बंगल्यात संस्कृत पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर यांच्यासह पाच जण. २३ मार्च १९७७ रोजी आणखी एक तरुण, हाही महाविद्यालयातल्याच एकाचा धाकटा भाऊ. हत्यार म्हणून नायलॉनची दोरी. 'जोशी-अभ्यंकर हत्याकांड' हे नाव त्या काळातील पुणेकराच्या तोंडून आजही आवाज खाली आणूनच निघते. दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडत, ओळखीचा आवाज पटल्याखेरीज कुणी दार उघडत नसे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याचे लक्ष या तारखांपाशी अडते. देशात आणीबाणी होती. ती उठून दोनच दिवस झाले असताना शेवटचा खून झाला. रस्ते शिस्तीत, गाड्या वेळेवर, वृत्तपत्रांवर नजर, आणि अशा बंदोबस्तातल्या शहरात चार विद्यार्थी रात्री घरांत शिरत होते. दुसरा योगायोग याहून चमत्कारिक आहे. ज्या संध्याकाळी भांडारकर रस्त्यावर ते पाच खून झाले, त्याच १ डिसेंबर १९७६ च्या संध्याकाळी लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स नावाच्या नवख्या पंक बँडने टेम्स टेलिव्हिजनच्या थेट कार्यक्रमात निवेदक बिल ग्रंडी यांना अर्वाच्य शिव्या हासडल्या. दुसऱ्या दिवशी इंग्लंडच्या वृत्तपत्रांनी पहिली पाने त्याच बातमीने भरली, बँडचे कार्यक्रम रद्द होऊ लागले, आणि महिन्याभरात ईएमआय कंपनीने त्यांच्याशी केलेला करार मोडला. तेथे संतप्त पोरांनी शब्द फेकले आणि देश हादरला. येथे जे घडले त्यात शब्द नव्हतेच. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण पंचवीस वर्षांनी एका दिग्दर्शकाने नेमका तोच संबंध जोडला: पुण्यातल्या त्या टोळीच्या हातात त्याने गिटार दिली.

'पाँच'मधला सर्वांत मोठा बदल हाच आहे, आणि त्याच्याविषयी फार कमी बोलले जाते. जक्कल आणि त्याच्या साथीदारांचा कोणताही बँड नव्हता. ते गावकुसाबाहेरचे नव्हते, उपाशी नव्हते, शहराच्या ऐन मध्यात शिकणारे होते. त्यांनी जे केले ते मुख्यतः पैशासाठी आणि दागिन्यांसाठी. इतक्या कोरड्या कारणाने दहा माणसे मरतात ही गोष्ट पचवायला जड आहे. कश्यप यांनी त्या कोरडेपणाच्या जागी संगीत ठेवले, खोली ठेवली, उपेक्षा ठेवली. त्यामुळे प्रेक्षकाला ल्यूकच्या शेजारी बसता येते. जक्कलच्या शेजारी बसायला कुणी तयार झाले नसते. चित्रपट म्हणून ही निवड अचूक आहे. मात्र त्या निवडीत भांडारकर रस्त्यावरचा बंगला पुसला गेला. मरणारी माणसे 'पाँच'मध्ये आहेत, पण त्यांच्या घरात आपण फारसे थांबत नाही. कॅमेरा परत खोलीकडे वळतो, जेथे सिगारेटचा धूर आणि गिटार आहे.

मराठीत याच प्रकरणावर आधी एक चित्रपट येऊन गेला होता: 'माफीचा साक्षीदार', १९८६ सालचा, नाना पाटेकर यांचा. त्याचे नावच पाहा. या खटल्यात पाचवा एक जण होता, पहिल्या खुनात सामील असलेला वर्गमित्र, जो पुढे माफीचा साक्षीदार झाला. मराठी चित्रपटाने त्याला शीर्षकात बसवले, म्हणजे गोष्ट कोर्टाच्या बाजूने पाहिली. 'पाँच'मध्येही कथा उलगडते ती पोलिसांपुढच्या जबानीतूनच, परंतु ऐकणाऱ्याला कोर्टाची आठवण राहत नाही. चौघांना सत्र न्यायालयाने १९७८ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली. अपिले, याचिका सारे संपल्यावर २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली. मुनव्वर शाहने तुरुंगात लिहिलेल्या आत्मकथनाचे नाव 'येस, आय ॲम गिल्टी' असे होते. ल्यूकच्या तोंडी हे वाक्य कल्पूनही बसत नाही.

आता सेन्सॉरविषयी, कारण 'पाँच'ची कीर्ती अर्धीअधिक त्यावर उभी आहे आणि तिच्यात एक गैरसमज घट्ट रुतून बसला आहे. चित्रपटावर कायमची बंदी आली, असे सर्रास सांगितले जाते. तसे झाले नाही. हिंसा, अमली पदार्थांचे सेवन आणि भाषा यांवर प्रमाणन मंडळाने आक्षेप घेतले. चित्रपटात एकही सकारात्मक पात्र नाही, असाही त्यांचा मुद्दा होता, असे कश्यप यांनी पुढे मुलाखतींत सांगितले. काही कापाकापीनंतर २००१ मध्ये चित्रपट संमत झाला. त्यानंतर तो अडला तो निर्मात्याच्या अडचणींमुळे. म्हणजे बंडखोर चित्रपट अखेर अडकला तो सरकारच्या दारात नव्हे, हिशेबाच्या वहीत. ही हकीकत बंदीच्या कथेइतकी रंगतदार नाही, म्हणूनच बहुधा ती कुणी सांगत नाही. २००३ मध्ये तो हॅम्बुर्गच्या महोत्सवात दाखवला गेला. मुंबई-ठाण्यातल्या प्रेक्षकापर्यंत तो पोहोचला तो चोरट्या प्रतींतून. कश्यप यांचा पुढचा 'ब्लॅक फ्रायडे'ही न्यायालयीन स्थगितीत सापडला आणि २००७ च्या फेब्रुवारीत प्रदर्शित झाला. तोवर 'पाँच' न पाहिलेल्यांनाही 'पाँच' ठाऊक झाला होता.

उपनगरातल्या पोरांना तो इतका आपला का वाटला, हे समजण्यासाठी एका अमेरिकन चित्रपटाकडे जावे लागते. पेनेलपी स्फिरिस यांच्या १९८३ च्या चित्रपटाचे नावच मुळी 'सबर्बिया'. लॉस एंजेलिसच्या परिघावर बांधून ओस पडलेल्या घरांच्या रांगांत, घरातून पळालेली पंक मुले एकत्र राहतात. स्फिरिस यांनी नटांऐवजी बहुतेक खरी पंक मुलेच घेतली; त्यांपैकी फ्ली पुढे रेड हॉट चिली पेपर्सचा बास गिटारवादक म्हणून जगाला माहीत झाला. त्या मुलांचे दुःख रिकाम्या घरांचे आहे. ठाणे-डोंबिवलीचे उपनगर याच्या अगदी उलट. येथे रिकामे काहीच नाही. दोन खोल्यांत तीन पिढ्या, भिंतीपलीकडे शेजारी, आणि ८.१७ च्या गाडीत दाराशी लोंबकळणारा बाप. अशा घरात ड्रम सेट ठेवायचा कुठे? वाजवायचा कधी? गिटार निदान लोकलमध्ये डोक्यावर धरून नेता येते. ड्रमसाठी सामानाच्या डब्याची वाट पाहावी लागते.

त्या काळी रॉक ऐकायचे तर वाट एकच होती: सीएसटीपर्यंत लोकल, मग धोबी तलावाच्या दिशेने पायी, रंगभवन. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून 'इंडिपेंडन्स रॉक' तेथे भरे. काळे टी-शर्ट घातलेली कल्याण-डोंबिवलीची मुले शेवटचे गाणे अर्ध्यावर सोडून निघत, कारण शेवटची गाडी चुकली तर रात्र फलाटावर. आजूबाजूची रुग्णालये आणि कॉलेज यांमुळे शांतता क्षेत्राचे नियम लागू झाले आणि रंगभवनचे दिवस संपले. ते साधारण त्याच वर्षांत, जेव्हा 'पाँच'ची रिळे डब्यात पडून होती. मैदान गेले आणि सिनेमाही मिळाला नाही. मग हार्ड डिस्कवरची ती धुरकट प्रत उरली. तिच्यात चार पोरे एका खोलीत मोठ्याने वाजवत होती आणि त्यांना 'आवाज कमी करा' म्हणणारे कुणी नव्हते. बऱ्याच जणांनी त्या खोलीसाठीच हा चित्रपट पाहिला. खुनांकडे त्यांचे लक्ष दुसऱ्यांदा पाहताना गेले.

आणखी एक धागा या बाजूला येतो. ल्यूक साकारणारे के. के. मेनन लहानपणी अंबरनाथ आणि पुणे येथे वाढले. त्या काळचे अंबरनाथ म्हणजे अकराव्या शतकातले शिवमंदिर, विमकोचा आगपेट्यांचा कारखाना आणि दारूगोळ्याची फॅक्टरी. पेटणाऱ्या वस्तू बनवणाऱ्या गावातून ल्यूक आला, असे कुणी म्हणाले तर तो विनोद म्हणून सोडून द्यावा. पण ज्या दोन गावांमधून हा सिनेमा ये-जा करतो, उपनगर आणि पुणे, त्या दोन्ही गावांत हा नट लहानाचा मोठा झाला, हे खरे आहे. खून झाले तेव्हा त्यांचे वय नऊ-दहा वर्षांचे होते.

बाकीचेही विखुरले. मुर्गी झालेले आदित्य श्रीवास्तव 'सीआयडी'मधून घराघरांत अभिजीत म्हणून पोहोचले. ज्या आज्या दर आठवड्याला त्यांना खुन्यांचा माग काढताना पाहत, त्यांच्यापैकी फारच थोड्यांना त्यांचा मुर्गी माहीत असेल. शिउली म्हणजे तेजस्विनी कोल्हापुरे. आणि पाँडी झालेले विजय मौर्य यांनी २०१९ मध्ये 'गली बॉय'चे संवाद लिहिले. धारावीतला मुराद, त्याची अरुंद खोली, बापाचा राग, वहीत दडवलेली गाणी. हा चित्रपट मात्र थाटात प्रदर्शित झाला, आणि ठाणे-कल्याणच्या मल्टिप्लेक्समध्ये पोरे त्यातल्या रॅपवर मोठ्याने ओरडत होती. पाँडीचा बँड ज्या पडद्यावर कधी आला नाही, त्या पडद्यावर पाँडीने लिहिलेले संवाद ऐकू आले.