बिअर नाही, म्हणून एक स्टार

शुक्रवारी संध्याकाळी आमची टीम बिअरबद्दल जितक्या गांभीर्याने बोलते, तितक्या गांभीर्याने आम्ही एकमेकांचा कोडसुद्धा तपासत नाही. २००९ मध्ये पुण्यात डूलाली ही महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हा मी गावाकडे शाळेत होतो. आता मीही ग्लास नाकाशी धरून सांगतो, की व्हीट बिअरला येणारा केळ्याचा आणि लवंगेचा वास हा यीस्टचा प्रताप असतो, त्यात केळं-बिळं काही घालत नाहीत. आईला यातलं काही माहीत नाही. असो.

माझं गाव कारंजा (घाडगे), जिल्हा वर्धा. कंस महत्त्वाचा. नुसतं कारंजा म्हटलं की लोक विचारतात, "गुरुमंदिर आहे तेच ना?" नाही हो. ते कारंजा लाड, वाशीम जिल्ह्यातलं. आमचं नागपूर-अमरावती हायवेवरचं, दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध. संत्र्याच्या बागा, ट्रक आणि धाबे.

तर झालं असं, की गेल्या डिसेंबरमध्ये टीममधल्या एकाचं अमरावतीला लग्न होतं. आम्ही पाच जण विमानाने नागपूरला उतरलो, भाड्याची गाडी घेतली. मी आधीच ऐटीत जाहीर केलं होतं, दुपारचं जेवण माझ्या दादाच्या धाब्यावर! दादा म्हणजे चुलतभाऊ, मोठ्या काकांचा मुलगा.

दादाने जीव ओतला होता. ज्वारीच्या गरम भाकरी, भरीत, ठेचा आणि पाटोडीचा रस्सा. बेसनाच्या वड्या त्या लाल तर्रीत शेवटच्या क्षणी सोडायच्या, नाहीतर विरघळतात, हे तो स्वतः उभा राहून बघत होता. पुण्याच्या मंडळींच्या नाकातून पाणी येत होतं, तरी हात थांबत नव्हते. मी खूश.

मग एकाने हाक मारली, "दादा, चार बिअर आणा. एकदम चिल्ड!"

दादा म्हणाला, "इथं नाही भेटत भाऊ. वर्धा जिल्हा हाय."

मग माझं भाषण झालं. सेवाग्रामला गांधीजी राहिले, पवनारला विनोबा, म्हणून १९७५ पासून अख्खा जिल्हा दारूबंद. गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली, आमची मात्र कायम आहे. "म्हणजे इथे पन्नास वर्षं कोणी प्यायलंच नाही?" असं एकाने विचारलं आणि सगळे हसले. मीही हसलो. कारण उत्तर गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. हातभट्टी मिळते, आणि बाहेरून आलेली बाटली जादा पैसे मोजले की घरपोच मिळते.

"गाडीत आहेत आपल्याकडे, नुसते ग्लास द्या," मित्र म्हणाला. दादा शांतपणे म्हणाला, "ग्लास देतो ना. पाण्याचे."

परतताना मित्रांनी बदला घेतला. नागपूर जिल्ह्यात शिरल्यावर लागलेल्या एका बारसमोर गाडी थांबवली. बिअर कोमट. स्ट्राँगशिवाय दुसरी नाही. शेंगदाणे खवट, चिली चिकनमध्ये चिकन शोधावं लागलं, टेबल चिकट. गाडी चालवणारा बिचारा सोडा पीत बसला. पण काय आनंद होता सगळ्यांच्या चेहऱ्यावर! पुण्यात यीस्टवर वाद घालणारी हीच माणसं. गाडीत बसल्या बसल्या एकाने मोबाइलवर त्या बारला चार स्टार दिले. आणि दादाच्या धाब्याला एक. "जेवण छान. पण हायवेवर धाबा आणि बिअर नाही? जोक!" त्याने मोठ्याने वाचून दाखवलं आणि मी पुन्हा हसलो.

पंधरा दिवसांनी दादाचा फोन.

"हे एक चांदणी कोणं देल्ली रे? तुह्यासोबतच्या पोट्ट्यानं का?"

मी गप्प.

"जेवण छान लिहिलं ना त्यानं. मंग एकच काहून?"

मी इंजिनिअर, म्हणून त्याला सरासरीचं गणित समजावलं. चौदा जणांचे मिळून साडेचार होते, पंधराव्याने एक दिला, आता ४.३ दिसणार. दादाने ऐकून घेतलं. मग म्हणाला, समृद्धी झाल्यापासून लांबच्या गाड्या इकडून कमी झाल्यात, उरलेलं गिऱ्हाईक आधी मोबाइल बघतं, मग ब्रेक मारतं. आजूबाजूचे काही जण चोरून बाटली ठेवतात. त्याने ठेवली तर महिन्याचा हिशेब एका आठवड्यात बसेल.

तो का ठेवत नाही, हे त्याला सांगावं लागलं नाही.

मोठे काका एसटीने हद्दीपलीकडे जाऊन पिऊन यायचे. पैसे नसले की गावातली हातभट्टी. मी दहावीत असताना ते गेले. लिव्हर. दारूबंदीच्या जिल्ह्यात, दारूने. म्हणून बंदीचा जयजयकार माझ्याच्याने होत नाही. पण आईला एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाजाराच्या रस्त्यावर दुकान नाही ना, तेवढं तरी बरं. तुह्या काकूले विचार." काकूला विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती धाब्याच्या मागच्या बाजूला भाकरी थापत असते. त्या दिवशीच्या आमच्या भाकरीही तिनेच थापल्या होत्या.

हे सगळं मला टेबलावर बसलेलो असताना माहीत होतं. गांधी-विनोबा सांगितले, सगळ्या सनावळ्या सांगितल्या, काका तेवढे सांगितले नाहीत. चारचौघांत गंमत चाललेली असताना कशाला, असं वाटलं. खरं म्हणजे लाज वाटली.

परवाच्या शुक्रवारी मित्राला सांगितलं. समोर ग्लास होताच. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तिथेच का नाही सांगितलंस?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याने मोबाइल काढला. मी म्हटलं, दया म्हणून पाच देऊ नकोस, जेवणाचे काय ते दे.

त्याने चार दिले. एक कापला, पाटोडी फार तिखट होती म्हणून.

दादाला फोन करून वाचून दाखवलं. तो खुश होऊन म्हणाला, "हे बरोबर हाय! त्या दिवशी तिखट जास्तच पडलं होतं. म्या काकूले बोललो बी होतो."

आपल्या आईला तो लहानपणापासून आमच्यासारखंच काकू म्हणतो. दारूबंदीसारखंच तेही आमच्या घरात कोणाला बदलता आलेलं नाही.