रथाचा दोर

रथाचा दोर पहिल्यांदा धरला तेव्हा मी सहा वर्षांचा असेन. धरला कसला, वडिलांनी खांद्यावरून वाकवून माझा हात टेकवला. दोर मनगटाहून जाड, गुलालाने माखलेला. तळहाताला कुसळं टोचली. ‘लागला ना हात? झालं तर!’ म्हणत त्यांनी गर्दीतून बाहेर काढलं. चैत्र शुद्ध एकादशीला नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराचे रामरथ आणि गरुडरथ निघतात. दोराला हात लागला की वर्षाचं पुण्य जमा, हा आमच्या घरचा हिशेब. आजी तर त्या संध्याकाळी हातही धुवू द्यायची नाही.

कॉलेजात असताना धनंजय कीरांनी लिहिलेलं बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र वाचलं आणि त्यात आमचाच रथ भेटला. अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला. पहिल्या तुकडीत 125 पुरुष, 25 बायका; चारही दरवाजांपुढे ठाण मांडलेलं आणि दरवाजे बंद. महिना गेला. 9 एप्रिलला, रथाच्या दिवशी, स्पृश्य-अस्पृश्यांनी मिळून रथ ओढायचा अशी तडजोड झाली. म्हणजे सगळं भांडण त्या दोरापाशी येऊन थांबलं होतं. ऐनवेळी स्पृश्यांचा शब्द फिरला. रथ पळवला, दगड आले. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाडांनी लढा पुढे पाच वर्षं रेटला. मग 13 ऑक्टोबर 1935 ला नाशिक जिल्ह्यातल्याच येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही, असं जाहीर केलं. मंदिरप्रवेशाचा कायदा आला 1947 मध्ये.

1930 च्या त्या रथाच्या वेळी आजी पंचवटीतच होती, आठ वर्षांची. मी खोदून विचारलं. ती म्हणाली, ‘वडलांनी दाराला आतून कडी घातली होती रे. त्या वर्षी दोराला हात लावायचा राहिला.’ इतक्या वर्षांनीही तिला चुटपुट होती ती एवढीच. मला तिचा राग आला नाही, पण पुढची दोन वर्षं मी रथाला गेलो नाही.

रथापुढे मानकरी उलट्या पावली चालतो. नजर रामावर, पाठ रस्त्याकडे. लहानपणी मला भक्ती म्हणजे हेच वाटायचं. आता माझं लक्ष त्याच्या पाठीमागच्या रस्त्यावर असतं.

यंदा गेलो होतो. दोराला माझ्याशेजारी एक पोरगा होता, घामाने निथळलेला. नाव-गाव काही विचारलं नाही. रथ पुढे गेल्यावर दोघंही कडेला उभे राहून तळहातातली कुसळं काढत होतो. माझं निघेना, तेव्हा त्याने माझा हात उजेडाकडे वळवला आणि नखाने उपसून काढलं.